खायचं काय केलं?

परदेशाहून कोणी परत आलं की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, काय काय पाहिलं? त्याचं उत्तर पुरतं व्हायच्या आत दुसरा येतो, आणि तो बहुतेक आपण बायाच विचारतो: अन् खायचं काय केलं? आज आपण तो हसत विचारतो. पण या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि एक काळ असा होता की त्याच्या उत्तरावर बाईचं घर, माहेर, सासर, जात सगळं अवलंबून असायचं. आज त्याच इतिहासाबद्दल बोलायचं आम्ही ठरवलं आहे. तीन बाया घेतल्या आहेत. तिघीही साता समुद्रापलीकडे गेल्या. तिघींनी तिथं काय पाहिलं हे सांगूच, पण ताटात काय होतं तेही सांगू.

आधी आपल्या गावाचं. धामणगावावरून जी मुंबई-नागपूर लाईन जाते, ती १८६७ साली नागपूरपर्यंत पोचली. ती कशासाठी टाकली? मुख्य म्हणजे कापसासाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. म्हणजे आपल्या शेतातला कापूस गाठी बांधून मुंबईला, तिथून जहाजानं लिव्हरपूलला, आणि कापड होऊन परत आपल्याच बाजारात, असा फिरून येत होता. त्याला कुणी विचारलं नाही की समुद्र ओलांडलास, आता प्रायश्चित्त घे. माणसाला मात्र विचारत होते. समुद्रापलीकडे जाणारा धर्माला मुकतो असं मानलं जाई, आणि त्यातलं मोठं कारण जेवणाचं होतं. जहाजावर कुणाच्या हातचं पाणी, कुणाच्या हातचं अन्न, कोणत्या भांड्यात शिजलेलं, कोणाच्या पंक्तीला! पुरुषांना निदान परत येऊन पंचगव्य घेऊन सुटता यायचं. बाईनं जाण्याची कल्पनाच कुणी केली नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी सुटण्याची वाटही कुणी विचारात घेतली नव्हती.

१८८३ सालच्या एकाच एप्रिल महिन्यात दोन मराठी बाया निघाल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी, अमेरिकेला. २० एप्रिलला मुंबईहून पंडिता रमाबाई, इंग्लंडला. दोघी दूरच्या नात्यातल्या. एकीनं तिकिटासाठी हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या, दुसरीनं ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं स्वतः लिहिलेलं पुस्तक विकून पैसे उभे केले. सरकारी खर्चानं कुणी गेलं नाही, हे लक्षात ठेवा.

आनंदीबाई तेव्हा अठरा वर्षांच्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते दहा दिवसांत गेलं. बाळंतिणीला पाहायला बाई डॉक्टर असती तर, हा विचार त्यांच्या डोक्यातून गेला नाही. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, बायकोला शिकवायचंच अशा हट्टाचा माणूस. हट्ट चांगला होता, तरी पद्धत कधीकधी फार कडक होती, हे आम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांचं एक पत्र एका मिशनच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या, तिथं त्यांनी ते वाचलं. दात दुखत असताना परक्या देशातल्या एका पोरीची चिंता करणारी ही बाई! तिनं पत्र टाकलं, पत्रांतून नातं जमलं, आणि आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या.

निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केलं. आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळचं. लोकांनी विचारलं असेल तेच प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले आणि उत्तरं दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन, माझा पेहराव, माझं खाणं, माझ्या चालीरीती बदलणार नाही. टाळ्या पडल्या असतील. पण अठरा वर्षंही पुरी न झालेल्या मुलीला असं भर सभेत वचन द्यावं लागलं, हे आम्हाला त्या टाळ्यांपेक्षा जास्त मोठं वाटतं. तिच्याबरोबर जो कुणी मुलगा त्या वर्षी वकिली शिकायला विलायतेला गेला असेल, त्याला कुणी सभेत उभं करून विचारलं असेल का, की बाळा, तिथं काय जेवशील?

प्रवास सुमारे दोन महिन्यांचा. सोबतीला अमेरिकन बाया होत्या, घरचं कुणी नाही. ४ जून १८८३ ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटर मावशी घ्यायला आली आणि रोझेलच्या घरी घेऊन गेली. ते दिवस आनंदीबाईंच्या आयुष्यातले बरे दिवस असावेत. त्या घरात त्यांनी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक केला, आपले सण सांगितले, घरातल्या मुलींशी खेळल्या. जरा डोळ्यांपुढे आणा: अमेरिकेतलं लाकडी घर, आणि चुलीपाशी नऊवारीतली पोरगी. हळद-मसाल्याचा वास त्या गल्लीत त्याआधी कधी गेला नसेल.

ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. आणि इथून ताटाची गोष्ट कठीण होते. राहायला मिळालेली खोली थंड, तिथली शेकोटी नीट चालत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर हाडं गोठवणारी थंडी. दिवसभर कॉलेज, त्यात मढ्यांची चिरफाड शिकायची, आणि खोलीवर येऊन आपलं शाकाहारी जेवण आपणच रांधायचं. नऊवारीत पाय उघडे पडतात आणि तिथल्या थंडीत ते चालत नाही, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. वस्त्रात तेवढी तडजोड केली. अन्नात केली नाही. घटसर्प झाला, त्यातून उठल्या. तरी ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषयही आपल्याकडचाच घेतला, जुन्या हिंदू ग्रंथांतलं बाळंतपणाचं शास्त्र.

त्या कॉलेजात काढलेला एक फोटो आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा. तीन मुली शेजारी शेजारी: आनंदीबाई लुगड्यात, जपानची केई ओकामी किमोनोत, आणि सीरियाची सबात इस्लांबूली तिच्या देशाच्या पोशाखात. तिघींनीही सभेतल्यासारखी वचनं कुठंतरी दिलीच असणार, असं तो फोटो पाहताना आम्हाला नेहमी वाटतं. परदेशातली पाहण्यासारखी गोष्ट म्हणून लोक धबधबे आणि उंच इमारती सांगतात. आनंदीबाईंनी तिथं जे पाहिलं ते हे, की बाया मिळून कॉलेज चालवतात, बाई त्याची डीन असते, आणि बाया बायांना डॉक्टर करतात.

कोल्हापूरच्या संस्थानानं त्यांना बायकांच्या दवाखान्यावर नेमलं होतं. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, पण क्षयानं पोखरलेल्या. पुण्यात लोकांनी कौतुक केलं, बाटली नाही, नेम पाळला म्हणून शाबासकी दिली. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. क्षय हा जंतूचा रोग आहे, तो ताटामुळे होत नाही. पण थंडी, धूर, अर्धपोटी अभ्यास, यांनी शरीर झिजतं हे आपल्याला सांगायला डॉक्टर लागत नाही. त्यांच्या नेमाचा गौरव पुष्कळांनी केला आहे. आम्हाला मात्र तो गौरव घशाखाली उतरत नाही. वचन साऱ्या समाजानं घेतलं, निभावलं एकट्या पोरीच्या देहानं.

इथं एक गंमत सांगायची राहिली, ती सांगून पुढं जाऊ. आनंदीबाई गेल्यावर तीन वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली मोठमोठी मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी हातात धरून ठेवली. नंतर ‘पुणे वैभव’ पत्रात हजर असलेल्यांची यादीच छापून आली, आणि ग्रामण्य पेटलं. त्या कामामागं कोण, तर गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे यजमान! मोठमोठ्या माणसांना एका कपाबद्दल प्रायश्चित्त घ्यावं लागलं. टिळकांनी काशीला घेतलं होतं म्हणून सांगितलं, रानड्यांनी पुढे घेतलं. रमाबाई रानड्यांनी १९१० साली छापलेल्या आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आहे, आणि त्या घरात काय मनस्ताप झाला तो त्यातून कळतो. गोपाळरावांनी हे का केलं, यावर लोक अजून वाद घालतात. आमचं मत असं, की ज्या समाजानं त्यांच्या बायकोचं ताट तपासलं, त्या समाजाच्या पुढाऱ्यांचा कप त्यांनी तपासून दाखवला. खोडी होती, पण मुळात दुखणं असणार.

आता पंडिता रमाबाई. यांची अन्नाची गोष्ट वेगळ्या ठिकाणी सुरू होते. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि मोठी बहीण गेली. दक्षिणेत, तीर्थांतून फिरताना, उपासमारीनं. रमाबाई आणि भाऊ पायी हजारो मैल फिरले, कित्येक दिवस पाल्यावर काढले. ज्या बाईला अन्न नसणं म्हणजे काय ते अंगानं माहीत होतं, तिला अन्नावरून शिकवायला पुढे दोन देशांतले लोक आले. हा प्रकार पाहण्यासारखा आहे.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात राहिल्या, सोबत लहानगी मनोरमा. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात आकाश कोसळलं. बाटली, म्हणून सगळ्यांनी बोटं मोडली. पण तिकडे काय झालं? तिकडच्या जोगिणींना वाटलं, ख्रिस्ती झाली म्हणजे आता आमच्यासारखं जेवेल. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. त्यावर त्यांना सुनावण्यात आलं की हा जातीचा अभिमान तुमच्या मनातून अजून गेला नाही. रमाबाईंचं उत्तर पत्रात आहे, आणि ते फार खणखणीत आहे. त्यांचं म्हणणं असं, की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि तिनं आपल्या सवयी सोडल्या नाहीत, कुणाचं त्यात नुकसानही नाही, तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल का? मग मला का? इकडचे म्हणाले धर्म सोडला, तिकडचे म्हणाले सोडला नाही. दोघांचंही लक्ष ताटाकडं. रमाबाईंनी धर्म स्वतः निवडला, जेवणही स्वतः निवडलं, आणि दोन्हीची सांगड कुणाच्या सोयीनं घातली नाही.

१८८६ च्या मार्चमध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाईंच्या पदवीदानालाच. ठरवून गेल्या होत्या त्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या अडीच वर्षांच्या वर. अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत व्याख्यानं देत फिरल्या. परत आल्यावर १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा. त्यात हिवाळ्यातल्या बर्फाचं वर्णन आहे, आगगाड्यांचं आहे, राज्यकारभाराचं आहे, पण सगळ्यात जास्त जीव ओतला आहे तो बायकांच्या स्थितीवर. कोणत्या बाया काय काम करतात, संघटना कशा बांधतात, दारूबंदीसाठी कशा उभ्या राहतात. आणि डोळे झाकून कौतुकही नाही. काळ्या लोकांना तिथं कसं वागवतात, मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा गेल्या, हेही त्या लिहितात. गुलामगिरीतून स्वतः सुटून दुसऱ्यांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन या बाईला त्या भेटल्या. आपल्याकडून गेलेली बाई तिकडं जाऊन कुणाला भेटून आली, ते पहा.

फिलाडेल्फियात त्यांनी बालवाडीची पद्धत शिकून घेतली. आज आपल्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीत पोरं ठोकळे मांडतात, चित्रं रंगवतात, तेव्हा आठवा की अशा वस्तूंनी मूल शिकतं हे एक मराठी बाई १८८६-८७ मध्ये अमेरिकेतल्या वर्गात बसून शिकत होती.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी शारदासदन काढलं. अमेरिकेतल्या लोकांच्या पैशावर चालणारी, ख्रिस्ती बाईनं काढलेली संस्था. तरी तिथं विधवा मुलींना आपापल्या जातीचे जेवणाचे नियम पाळायची मोकळीक होती. त्यांना स्वतःला वाँटेजमध्ये जे मिळालं नव्हतं, ते त्यांनी या मुलींना दिलं. पुढे १८९३ मध्ये धर्मांतरावरून वादळ झालं, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पुष्कळ मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्हीकडे बोलण्यासारखं आहे, पण तो वेगळा विषय. दुष्काळाचा धागा मात्र सोडता येत नाही. १८९६-९७ चा दुष्काळ आपल्या शेजारच्या मध्य प्रांतात भयंकर होता. रमाबाई स्वतः तिथं गेल्या, आणि शेकडो मुली-बायांना केडगावला घेऊन आल्या. त्यांना आधी जेवू घालायचं होतं. मुक्तिसदन उभं राहिलं ते यातून.

तिसरी बाई कमी माहीत आहे, आणि आम्हाला ती फार जवळची वाटते. पार्वतीबाई आठवले. कोकणातल्या देवरुखच्या, तरुणपणी विधवा झालेल्या. महर्षी कर्व्यांची बायको आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, त्यांची ही बहीण. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायची, हे त्यांचं काम. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबऱ्यावर, इंग्रजी धड येत नसताना, त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या. तिकडच्या बायांच्या संस्था पाहायच्या, इंग्रजी शिकायचं, आश्रमासाठी पैसे मिळवायचे. पहिल्या दोघींसारखं त्यांना घ्यायला कुणी मावशी आली नव्हती, राहायला कोणता मठ नव्हता. मग त्यांनी काय केलं? लोकांच्या घरी काम धरलं. भांडी घासली, झाडलोट केली.

आपल्याकडच्या विधवेनं एक वेळ जेवायचं, कांदा-लसूण टाकायचा, दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावायचा नाही, अशा नियमांत वाढलेली ही बाई. ती अमेरिकेत परक्यांची, मांसमासे खाणाऱ्यांची ताटं धूत होती. स्वतः मात्र शाकाहार सोडला नाही. १९२० मध्ये परतल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ चं, त्याचं इंग्रजीही झालं. आनंदीबाई-रमाबाईंनी अमेरिका पाहिली ती व्याख्यानाच्या आणि कॉलेजच्या दारातून. पार्वतीबाईंनी पाहिली ती मागच्या दारानं, मोरीपाशी उभं राहून. कुठल्या घरात किती अन्न टाकलं जातं, मालकीणबाई कामवालीशी कशी बोलते, कोण टेबलाशी बसवतं आणि कोण नाही, हे त्या दाराशिवाय दिसत नाही. आपल्यात ज्या दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात, त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

आपल्या वऱ्हाडातलेही लोक पुढे बाहेर गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला. मोझरीचे तुकडोजी महाराज १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले, तिथं त्यांची खंजेरी वाजली. त्याचा अभिमान आहेच. तोवर समुद्रबंदीचा धाक ओसरला होता.

आता आपल्या गावातून जाणं-येणं इतकं झालं आहे की कुणाला नवल वाटत नाही. आमच्याच गटातल्या चौघी लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी जाऊन आल्या. रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून विमान. बॅगेत जवसाची चटणी, मुंगवड्या, घरचं तिखट, शेवया, डिंकाचे लाडू. विमानतळावर काय नेता येतं आणि काय नाही याची यादी आम्हाला आता पाठ आहे. तिकडे सांगायचं, कागदावर लिहून द्यायचं, लपवायचं नाही. एकीला तिकडच्या पोरांनी इटालियन हॉटेलात नेलं तर तिनं पिझ्झ्यावर घरचा ठेचा टाकला. ती म्हणते, शेजारच्या टेबलावरची गोरी बाई मागून चाखायला आली आणि पाणी पाणी करत गेली. ती आता आमची सगळ्यात आवडती परदेशची आठवण आहे.

पण एक गोष्ट आम्ही पाहिली. तिकडे बाळंतपणाला गेलेली आई सहा महिने बहुतेक स्वयंपाकघरातच असते. परत आल्यावर काय पाहिलं विचारलं तर थोडा वेळ थांबून म्हणते, पाहिलं ना, बर्फ पाहिला, खिडकीतून. म्हणून यंदा आमच्यातली एक न्यू जर्सीला मुलाकडे चालली आहे, तिला आम्ही बजावून ठेवलं आहे. रोझेल त्याच राज्यात आहे. आणि तिथून गाडीनं दोनएक तासांवर, हडसन नदीच्या काठी, पोकीप्सी नावाचं गाव आहे. आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशीकडे पाठवल्या होत्या. मावशीनं त्या आपल्या घराण्याच्या जागेत, पोकीप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथं त्यांच्या नावाचा दगड आहे, शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण बाई असं त्यावर लिहिलं आहे.

मुलाला सुटी काढायला लाव आणि जाऊन ये, असं आम्ही तिला सांगितलं. ती म्हणाली, जाईन. मग विचारलं, तिच्यासाठी काय नेशील? तर म्हणाली, इथून नेत नाही काही, तिकडे डाळ मिळते, गूळ मिळतो. दोन पुरणपोळ्या तिकडेच करून नेईन, एक ठेवीन अन् एक तिथं बसून खाईन.